न पडलेला नारळ

आज लेखाआधी एक सिनेमा. तिकीट नाही, पडदा नाही, मध्यंतर नाही. खाली पाच तुकडे दिलेत, ते फक्त डोळ्यांसमोर एकापाठोपाठ आणायचे.

तुकडा पहिला : मामा पेपर वाचत रमतगमत चाललेत. समोर लक्षच नाही.

तुकडा दुसरा : माडाचा शेंडा. झावळ्या सळसळताहेत, नारळांचा घोस डुलतोय.

तुकडा तिसरा : पडवीत तांदूळ निवडणारी आजी. तिचा हात थांबतो, डोळे विस्फारतात. "अरे, बाजूला हो!"

तुकडा चौथा : कोंबडी पंख फडफडवत पळत सुटते. आवाज येतो, धप्प!

तुकडा पाचवा : एक नारळ गडगडत येतो. शेजारी मामा एका पायावर उभे, पेपर छातीशी घट्ट धरलेला.

काय झालं, सांगा बघू? "नारळ पडला आणि मामा थोडक्यात वाचले!" असंच ना?

आता परत वर जा आणि नारळ माडावरून सुटून खाली येताना कुठल्या तुकड्यात दिसला ते शोधा. नाहीच सापडणार! दुसऱ्या तुकड्यात नारळ झाडावर आहेत, पाचव्यात एक नारळ जमिनीवर आहे. मधला प्रवास कुठेच नाही. एवढंच काय, मामा माडाखाली होते असंसुद्धा कुणी दाखवलेलं नाही. मामा आणि माड एकदाही एका चौकटीत आलेले नाहीत. मामा डिचोलीच्या बाजारात चालत असतील आणि माड पेडणे तालुक्यात, मोरजीच्या किनाऱ्यावर असेल. आजीने आरडाओरडा केला तो कदाचित तांदळात चोच घालणाऱ्या कावळ्यावर. आणि नारळ? तो पाडेल्याने कधीच काढून ठेवलेला होता. दादाने चौकटीबाहेर बसून हळूच घरंगळत सोडला.

एकूण खर्च, एक नारळ. तोही वाया गेला नाही, संध्याकाळी सोलकढीत गेला.

मग नारळ पडला तरी कुठे? तुकड्यांच्या मधल्या फटीत. त्या फटीत पडद्यावर काहीच नव्हतं. तिथे नारळ पाडला तो तुम्ही, तुमच्या डोक्यात! घरच्या मोबाईलवर, शून्य रुपयांत सिनेमा करू पाहणाऱ्या सगळ्यांना ही मोठीच खूशखबर आहे. अवघड, महाग आणि धोक्याच्या गोष्टी फटीत ढकलायच्या, सोप्या गोष्टी दाखवायच्या. बाकीचं काम प्रेक्षक फुकटात करतो.

पण तो करतो कसं?

डोळेही कापाकापी करतात

एका क्षणी आजी, पुढच्याच क्षणी कोंबडी. खऱ्या आयुष्यात पडवी अशी फटकन नाहीशी होऊन तिथे कोंबडी येत नाही. तरीही असा कट बघताना आपल्याला गरगरत नाही. का बरं?

आरशासमोर उभे राहा. आधी आपल्याच डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्या डोळ्याकडे, मग पुन्हा डाव्या. डोळे हलताना दिसले? कितीही प्रयत्न करा, दिसणार नाहीत. आता मोबाईलवर स्वतःचा व्हिडिओ काढून हेच करा आणि तो लावून बघा. डोळे टुणटुण उड्या मारताहेत! मग आरशात त्या उड्या का दिसल्या नाहीत?

कारण आपली नजर सतत उड्या मारत असते, सेकंदाला साधारण तीन. या उडीच्या वेळी डोळ्यांसमोरचं चित्र फिसकटतं, धूसर होतं. मेंदू तेवढा धूसर भाग मनावरच घेत नाही. उडीआधीचं चित्र आणि उडीनंतरचं चित्र तो जोडून टाकतो आणि आपल्याला वाटतं, आपण सलग बघतोय. म्हणजे जन्मापासून आपण कापलेलाच सिनेमा बघत आलो आहोत.

त्यात भर पापण्यांची. जागेपणी आपल्या पापण्या मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा लवतात. दर वेळी क्षणभर अंधार! तुम्हाला जाणवतो का? वॉल्टर मर्च नावाचे एक नामांकित अमेरिकन संकलक आहेत. संकलक म्हणजे सिनेमाचे तुकडे कापून जोडणारा माणूस. एका सिनेमाचं काम करताना त्यांच्या लक्षात आलं, की जिथे कापावंसं वाटतं, बरोबर तिथेच नटाच्या पापण्या लवतात. एक विचार संपला, की पापणी लवते, आणि कटही तिथेच शोभतो.

२००९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी प्रेक्षकांच्या पापण्यांवर पाळत ठेवली. दाखवलं काय, तर मिस्टर बीन! आणि गंमत म्हणजे वेगवेगळ्या माणसांच्या पापण्या गोष्टीतल्या त्याच त्याच जागी लवत होत्या. मिस्टर बीनचं एखादं काम उरकलं, की लव पापणी. महत्त्वाचं काही चुकू नये म्हणून सगळे नकळत त्याच सुट्टीची वाट बघत होते. गोष्ट नसलेला व्हिडिओ लावला, तेव्हा मात्र ज्याची पापणी त्याच्या मर्जीने लवली.

दोन जादूगार

ही फट अगदी सुरुवातीला कुणी पकडली असेल? जादूगारांनी. लोकांची नजर कुठे नसते, ते ओळखणं हाच तर त्यांचा धंदा.

फ्रान्समधले जॉर्ज मेलिएस हे मुळात जादूगार, पॅरिसमधल्या जादूच्या एका नाट्यगृहाचे मालक. १८९६ साली त्यांनी एक छोटा सिनेमा केला. एक बाई खुर्चीवर बसते, मेलिएस तिच्यावर कापड टाकतात, कापड ओढतात आणि बाई गायब! रंगमंचावर हीच जादू करायची तर पायाखाली चोरदार हवं. कॅमेऱ्याला चोरदार लागत नाही. कॅमेरा थांबवायचा, बाईंना जायला सांगायचं आणि कॅमेरा पुन्हा सुरू करायचा. बाकी सगळे पुतळ्यासारखे जागच्या जागी. बाई चालत गेल्या त्या फटीतून, प्रेक्षकांच्या नाकासमोरून!

दुसरा जादूगार आपला, मराठी. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे दादासाहेब फाळके. ते जादूचे प्रयोग करायचे तेव्हा स्वतःला 'प्रोफेसर केळफा' म्हणवून घ्यायचे. केळफा हे नाव कुठून आलं? उलटं वाचा!

१९१२ मध्ये इंग्लंडहून कॅमेरा आणल्यावर दादासाहेबांनी आधी वाटाण्याचं रोप निवडलं. कुंडीत वाटाणा पेरला आणि ठरावीक काळाने एक एक चौकट टिपत गेले. मधले तासन् तास फटीत गेले. फीत चालवली तर काय? पडद्यावर बघता बघता अंकुर फुटला, वेल सरसर वर चढला! रोपाच्या त्या सिनेमामुळे पुढच्या मोठ्या सिनेमाला भांडवल मिळालं. तो सिनेमा म्हणजे 'राजा हरिश्चंद्र'. मुंबईच्या कोरोनेशन थिएटरमध्ये तो ३ मे १९१३ ला लोकांसमोर आला. या सगळ्या खटाटोपात सरस्वतीबाई फाळके बरोबरीने राबत होत्या. तेव्हा कोऱ्या फितीला कडेची भोकंही नसायची. अंधारात बसून ती भोकं पाडायचं काम सरस्वतीबाई करायच्या.

आता 'लंका दहन' ऐका. हा सिनेमा १९१७ सालचा. त्यात रामाचं काम केलं अण्णा साळुंके यांनी. आणि सीतेचं? तेही अण्णा साळुंके यांनीच! एका तुकड्यात राम, दुसऱ्या तुकड्यात सीता, मधल्या फटीत मुकुट आणि लुगड्याची सगळी धांदल. प्रेक्षकांना राम आणि सीता दोघंही भेटले.

दोन वर्षांनी, १९१९ मध्ये, आला 'कालिया मर्दन'. त्यातला बाळकृष्ण म्हणजे दादासाहेबांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी. सिनेमाच्या सुरुवातीलाच दादासाहेब तिचा चेहरा जवळून दाखवतात आणि ती एकामागून एक हावभाव करून दाखवते. तुमच्याएवढी किंवा तुमच्याहून लहान मुलगी, शंभर वर्षांपूर्वी, कॅमेऱ्यासमोर! पुढे कृष्ण-कालियाची झुंज येते, तेव्हा पाण्यातली झुंज आणि काठावरचे घाबरेघुबरे लोक आलटून पालटून दिसतात. काठावरचे चेहरे बघूनच झुंज किती भयंकर आहे ते आपल्याला कळतं. मारामारीचं अर्धं काम बघणाऱ्यांच्या चेहऱ्यांनी केलं.

चेहरा तोच, भूक वेगळी

मंदाकिनीने चेहऱ्यावर भाव दाखवले. साधारण त्याच काळात रशियात एका तरुणाला उलटाच प्रश्न पडला. चेहऱ्यावर भावच नसतील तर?

त्याचं नाव लेव कुलेशोव्ह. त्याने इव्हान मोझुखिन या प्रसिद्ध नटाच्या चेहऱ्याचा एक तुकडा घेतला. चेहरा कोरा, ना हसू ना रडू. हा तुकडा त्याने तीन ठिकाणी जोडला. एकदा सुपाच्या वाडग्याशेजारी, एकदा शवपेटीशेजारी, एकदा सोफ्यावर रेललेल्या बाईशेजारी. लोक म्हणाले, वा, काय अभिनय! सूप बघून किती भूक दिसते चेहऱ्यावर! आणि ते दुःख! आणि ते प्रेम! पण चेहरा तिन्ही वेळा तोच होता. भूक, दुःख आणि प्रेम लोकांनी आपल्या पदरचं घातलं होतं. ती मूळ फीत आज हाती नाही, पण कुलेशोव्हचा विद्यार्थी पुदोव्हकिन याने तिचं वर्णन लिहून ठेवलंय.

कुलेशोव्ह एवढ्यावर थांबला नाही. त्याने एक माणूस आणि एक बाई मॉस्कोच्या वेगवेगळ्या भागांत चालताना टिपली, मग दोघं हात मिळवताना टिपली, मग मध्येच अमेरिकेतल्या व्हाइट हाउसचा तुकडा घातला आणि शेवटी दोघं मॉस्कोतल्याच एका चर्चच्या पायऱ्या चढताना दाखवली. बघणाऱ्याला वाटलं, दोघं अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या घरात शिरली!

हे आपल्याला गोव्यात सहज जमेल. केरीहून फेरीबोटीने पलीकडे जा आणि तेरेखोल किल्ल्याच्या दारातून धावत बाहेर पडणारी ताई टिपा. मग साखळीजवळच्या हरवळ्याला, गुहांच्या वाटेवर, तीच ताई त्याच कपड्यांत, त्याच दिशेने, तशीच धापा टाकत येताना टिपा. दोन तुकडे जोडा. पेडणे तालुक्याच्या वरच्या टोकावरून ताई एका पावलात डिचोली तालुक्यात! मधल्या नद्या, गाव, घाटरस्ते सगळे फटीत.

तलवार लागते कुणाला?

सिनेमा यायच्या कितीतरी आधीपासून पेडण्यात आणि डिचोलीत लोक फटी भरत आलेत. कुठे? जत्रेच्या रात्री, देवळासमोर, दशावतारात!

आठवा बघू. मांडावर एकच बाकडं असतं. राजा बसला, की ते सिंहासन. ऋषी बसला, की तोच आश्रम. वर चढून उभं राहिलं, की पर्वत. दोन वीर तलवारी उपसतात, गोल गोल फिरतात, गिरक्या घेतात, मृदंग आणि झांजांची लय चढत जाते. तलवार कुणाच्या अंगाला लागत नाही. पण राक्षस कोसळतो आणि पुढे मांडी घालून बसलेली पोरं अंग आक्रसून घेतात. घाव बसला! कुठे बसला? झांजेच्या शेवटच्या ठोक्यात.

पेडण्यापलीकडे सिंधुदुर्गात, कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी ही सिनेमाची आणखी जवळची नातेवाईक. सुट्या कागदांवर रंगवलेली रामायण-महाभारतातली चित्रं कथेकरी एक एक करून पुढे धरतो आणि गात गात गोष्ट सांगतो. एका चित्रात राम धनुष्य ताणून उभा, पुढच्या चित्रात राक्षस आडवा. मधला बाण कुणी उडताना पाहिला? पिंगुळीची ही कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

इथे एक शंका येते. फट भरायला आपण टीव्ही बघून बघून शिकतो, की ते सगळ्यांनाच आपोआप येतं? २०१० मध्ये दोन संशोधकांनी याचं उत्तर प्रसिद्ध केलं. तुर्कस्तानच्या डोंगराळ भागात त्यांना अशी मोठी माणसं भेटली, ज्यांनी सिनेमा किंवा टीव्ही कधी पाहिलाच नव्हता. त्यांना छोटे छोटे कापून जोडलेले सिनेमे दाखवले. रोजच्या ओळखीचं एखादं काम पायरीपायरीने चाललं असेल, तर कट कळायला त्यांना फारसं जड गेलं नाही. ओळखीचा धागा नसेल, तिथे मात्र ते गोंधळले.

म्हणजे फट भरायला मसाला लागतो तो ओळखीच्या गोष्टीचा. जत्रेतल्या पोराला भीम आणि दुःशासनाची गोष्ट आधीपासून पाठ असते, म्हणून तर एका बाकड्यावर अख्खं कुरुक्षेत्र मावतं. आपल्या सिनेमासाठी यातून एक धडा घ्यायचा. नारळ पडतो हे गोव्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, म्हणून नारळ न पाडता चालतं. जे प्रेक्षकाला ठाऊकच नाही, ते मात्र दाखवावंच लागतं.

शार्क बिघडला, सिनेमा सुधारला

"आमच्याकडे पैसे नाहीत म्हणून आम्ही दाखवत नाही," असं म्हणून लाजायचं काही कारण नाही. पैसेवाल्यांनाही हे करावं लागलंय.

१९७५ सालचा 'जॉज' हा इंग्रजी सिनेमा माणसं खाणाऱ्या शार्कचा. दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग. त्यांच्यासाठी अवाढव्य यांत्रिक शार्क बनवले, त्यांना लाडाने 'ब्रूस' नाव दिलं आणि खऱ्या समुद्रात नेलं. खाऱ्या पाण्यात ब्रूसमहाराज सारखे बंद पडू लागले. आता शार्कशिवाय शार्कचा सिनेमा करायचा कसा?

मग शार्कऐवजी दिसू लागली पिवळी पिंपं. शार्कच्या अंगात रुतलेल्या भाल्यांना बांधलेली ही पिंपं पाण्यावर सुसाट पळतात, मध्येच बुडबुड करत आत ओढली जातात. दिसतं नुसतं पिंप, पण घाम फुटतो आपल्याला. जोडीला दोनच सुरांची जवळ जवळ येणारी धून. शार्क नीट पुढे येईपर्यंत सिनेमा तासाहून जास्त सरलेला असतो. या सिनेमाच्या संकलक व्हर्ना फील्ड्स यांना ऑस्कर मिळालं. यंत्र नीट चाललं असतं, तर प्रेक्षक कदाचित एवढे घाबरले नसते.

आता तुमची पाळी : कुळागरात बिबटा

चला, करून बघू. सिनेमाचं नाव 'कुळागरात बिबटा'. लागणारं सामान : मोबाईल, लांब दोरी, दोन करवंट्या, एक ताई, एक दादा आणि झोपलेलं कुत्रं. बिबटा लागत नाही.

पहिली गोष्ट : नजर आधी, वस्तू नंतर. ताई पोफळींमधून चाललीय. थबकते. डावीकडे बघते. कट. आता झुडूप दाखवा. झुडपाला दोरी बांधून दादाने चौकटीबाहेरून ती ओढायची, एकदा हळू, एकदा जोरात. कट. पुन्हा ताईचा चेहरा. ताईला "घाबर!" म्हणून सांगू नका, नाहीतर ती तोंड वेडंवाकडं करेल. फक्त स्थिर बघायला सांगा. घाबरायचं काम प्रेक्षकाचं, कुलेशोव्हने ते सिद्ध केलंय.

दुसरी गोष्ट : हालचालीच्या मध्येच कापा. ताई पळत घरी येते, हात कडीकडे जातो. हात अर्ध्या वाटेत असतानाच कट. पुढचा तुकडा घराच्या आतून, कडी वाजते आणि दार उघडतं. असा कट प्रेक्षकाला जाणवतच नाही. २००८ मधल्या एका प्रयोगात लोकांना आधीच बजावलं होतं, की कट दिसला रे दिसला की बटण दाबा. तरीही हालचालीच्या मध्यावर केलेल्या कटांपैकी साधारण एक तृतीयांश कट त्यांच्या हातून सुटले! डोळे फाडून बसले होते, तरीही.

तिसरी गोष्ट : दिशा सांभाळा. ताई पडद्यावर डावीकडून उजवीकडे पळत असेल, तर तिच्या मागे लागलेली हलती पानंही डावीकडून उजवीकडेच सरकली पाहिजेत. तुम्ही मध्येच वाटेच्या दुसऱ्या बाजूला जाऊन टिपलंत, तर दिशा उलटी होते आणि ताई बिबट्यापासून पळण्याऐवजी बिबट्यावर चाल करून जाताना दिसते. म्हणून वाटेवर मनातल्या मनात एक रेघ ओढा आणि मोबाईल रेघेच्या एकाच बाजूला ठेवा. मोठमोठे दिग्दर्शकही ही रेघ पाळतात.

चौथी गोष्ट : आवाज वेगळा बनवा. सिनेमातले बरेच आवाज नंतर तयार करून जोडतात. या कलेला जॅक फोली या अमेरिकन माणसाचं नाव पडलंय. घोड्याच्या टापा हव्यात? दोन करवंट्या फरशीवर आपटा. जगभर हीच युक्ती वापरतात आणि आपल्याकडे करवंट्यांना काय तोटा! झुडपातून कुणी चालतंय असं हवं असेल, तर सुकी पानं मुठीत चुरा. हाड मोडल्याचा आवाज कोवळी काकडी मोडून मिळतो. आणि एक खास युक्ती : आवाज चित्राच्या जरा आधी येऊ द्या. ताई अजून शांत आहे आणि पानांची चरचर सुरू झालीय. प्रेक्षकाला आधी कळलं, ताईला नंतर. मग तो खुर्चीतून ओरडतो, "अगं, मागे बघ!"

पाचवी गोष्ट : कापायला हात आखडू नका. मोबाईल बहुधा सेकंदाला ३० चौकटी टिपतो. धावण्याच्या तुकड्याच्या पुढच्या-मागच्या दहा-दहा चौकटी उडवा. ताई थांबलेली होती आणि मग पळाली, हा पुरावाच गेला. तुकडे सुरुवातीला लांब ठेवा, बिबटा जवळ येईल तसे आखूड करत जा. ताईचा वेग वाढलेला नसतो, पण प्रेक्षकाचे ठोके वाढतात.

आणि कुत्रं? शेवटचा तुकडा त्याचा. झुडूप जोरात हलतं, ताई दार लावून घेते, सगळं शांत. मग दोरी सुटते आणि झुडपामागून कुत्रं आळस देत बाहेर येतं. तुमचं कुत्रं ऐन वेळी उठेल याची खात्री मी देत नाही.

एक नियम मात्र कडक. झाडाच्या शेंड्यावर, धबधब्याच्या तोंडाशी, पाण्याने भरलेल्या खाणीच्या खंदकाकाठी कुणीही जायचं नाही. उडी दाखवायचीय? गुडघे वाकलेले, मग आभाळ, मग अंगणातल्या वाळूवर दोन पाय. झाली उडी. जो खरंच उंचावरून उडी मारतो, त्याला संकलन येत नाही असं खुशाल समजा.

तीच युक्ती, वाईट हातांत

एवढं शिकल्यावर घरात तुमची एक नवी नेमणूक करायला हरकत नाही. मोबाईलवर आलेल्या व्हिडिओंचे तपासनीस!

समजा, आजोबांच्या मोबाईलवर एक व्हिडिओ आला. पहिल्या तुकड्यात गढूळ पाणी उसळतंय. दुसऱ्यात माणसं धावताहेत. खाली ओळ, 'पूल वाहून गेला.' आजोबा म्हणाले, "बघ, माझ्या डोळ्यांनी पाहिलं!" आता तपासनिसाने विचारायचं, आजोबा, पाणी आणि माणसं एका चौकटीत दिसली का? पूल कोसळताना दिसला का? का तो फटीत कोसळला? पाणी एका गावचं, माणसं दुसऱ्या गावची, धावताहेत ती कदाचित शर्यतीत! आणि आवाज? तो कुठून आणून जोडलाय, कुणी सांगावं.

सिनेमात आपण फट हौसेने भरतो, कारण ती गोष्ट आहे हे आपल्याला माहीत असतं. बातमीत कुणी फट ठेवली असेल, तर तिथे आपलं काही न घालता थांबायचं आणि विचारायचं, मधलं कुठाय?

जाता जाता एक कोडं

कुलेशोव्हच्या त्या विद्यार्थ्याने, पुदोव्हकिनने, आपल्या पुस्तकात एक उदाहरण दिलंय. त्यात पिस्तूल होतं, आपण सरडा घेऊ. तीन तुकडे आहेत. एक, ताईचा हसरा चेहरा. दोन, भिंतीवरचा सरडा. तीन, ताईचा घाबरलेला चेहरा.

हसरा चेहरा, सरडा, घाबरलेला चेहरा, अशा क्रमाने लावले तर ताई कशी वाटते? भित्री. आता उलटे लावा. घाबरलेला चेहरा, सरडा, हसरा चेहरा. ताई दचकली, तिने पाहिलं की नुसता सरडा आहे, आणि हसली. ताई एकदम धीट! चेहरे तेच, सरडा तोच.

मग मधला तुकडा काढून तिथे तुमचा फोटो घातला तर काय होईल? आणि घाबरलेला चेहरा आधी ठेवायचा की नंतर? करून बघा. पण लवकर करा, कारण मोबाईल ताईच्या हाती लागला तर तुकड्यांचा क्रम ती ठरवणार आहे.